राष्ट्राध्यक्षांची कंबर

१६ मे १९६१. कॅनडाची राजधानी ओटावा. गव्हर्नर जनरलच्या निवासस्थानी वृक्षारोपणाचा छोटासा समारंभ होता. असे समारंभ आपल्याकडेही होतात. रोप आधीच लावलेलं असतं, पाहुण्यांनी दोन-चार फावडी माती सारायची, फोटो निघतो, पाहुणे हात धुतात. त्या दिवशीचे पाहुणे होते अमेरिकेचे ४३ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी. ते वाकले, फावड्याने माती उचलली आणि कमरेत चमक भरली. समारंभ हसतमुखाने पार पडला. पण पुढच्याच महिन्यात, जगातला सगळ्यात शक्तिमान समजला जाणारा हा माणूस कुबड्या घेऊन चालत होता.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज अशा चार-पाच कंबरा येतात. एकीने गॅसचा सिलिंडर सरकवलेला असतो, दुसऱ्याची दुचाकी खड्ड्यात आपटलेली असते, तिसऱ्याने दहा वर्षांच्या खंडानंतर एकदम जिममध्ये जाऊन वजन उचललेलं असतं. दुखणं कधी थांबेल, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड असतो: परत व्यायाम कधी सुरू करू? त्याचं उत्तर देताना मला हमखास केनेडी आठवतात. त्यांची वैद्यकीय कागदपत्रं २००२ साली एका इतिहासकाराला आणि त्याच्यासोबतच्या डॉक्टरला पाहायला मिळाली. एखाद्या कंबरेची पंचवीस वर्षांची कहाणी इतक्या तपशिलाने क्वचितच वाचायला मिळते.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनचा. घर गडगंज, भावंडं नऊ, आणि वडिलांचा खाक्या असा की दुसरा आला तो हरलाच. जॅक, म्हणजे आपले जॉन, लहानपणापासून आजारी. लालज्वरातून कसाबसा वाचलेला, पोटाच्या तक्रारी कायमच्या. तरीही हार्वर्डमध्ये गेल्यावर अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाने अमेरिकन फुटबॉल खेळायचा हट्ट धरला आणि १९३७ च्या सुमारास तिथे पाठ दुखावली. ती पुन्हा पूर्ण बरी झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराने याच पाठीमुळे नाकारलं. मग वडिलांनी ओळखी वापरल्या आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये चिरंजीव नौदलात दाखल झाले. वैद्यकीय तपासणीत ओळख चालवणं हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नये.

पुढचा प्रसंग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. १९४३ च्या १ आणि २ ऑगस्टच्या मधल्या रात्री, सॉलोमन बेटांजवळ, 'अमागिरी' या जपानी विनाशिकेने केनेडींच्या पीटी-१०९ या लाकडी बोटीचे दोन तुकडे केले. १३ जणांपैकी दोघं गेले. भाजलेल्या एका खलाशाच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडींनी त्याला ओढत नेलं आणि पाच-एक किलोमीटर पोहून बेट गाठलं. पाठ युद्धात जायबंदी झाली असं नंतर सांगितलं जाई. खरं म्हणजे ती आधीच दुखावलेली होती, युद्धाने तिच्यात भर घातली. जीव वाचवायच्या वेळी दुखरी कंबर माणसाला पाच किलोमीटर नेते आणि अठरा वर्षांनी फावडंभर मातीला हार जाते, हे मला मोठं बोलकं वाटतं. कंबरेचं दुखणं म्हणजे मणक्यातली मोडतोड, इतका सरळ हिशेब नसतो.

जून १९४४ मध्ये बोस्टनमध्ये पहिलं ऑपरेशन झालं. कंबरेच्या मणक्यातली गादी सरकली असेल असा अंदाज होता. उघडून पाहिल्यावर ठळकपणे बाहेर आलेली गादी मिळाली नाही. मऊ पडलेला भाग काढून सर्जननी जखम शिवली. दुखणं थांबलं नाही. आज आपल्याकडे एमआरआय आहे, म्हणून हा गोंधळ संपला असेल असं वाटेल, पण तसं नाही. १९९४ साली अमेरिकेत ९८ ठणठणीत माणसांचे, म्हणजे ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशांचे, एमआरआय काढले गेले. फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या नीट होत्या. निम्म्याहून अधिक लोकांत एखादी तरी गादी फुगलेली दिसली. त्यामुळे गॅप आली आहे, असं घाबऱ्याघुबऱ्या सांगत कुणी फिल्म टेबलावर ठेवली की मी आधी माणसाला तपासतो, फिल्म मागाहून पाहतो.

१९४७ मध्ये लंडनला असताना केनेडींना ॲडिसनचा आजार असल्याचं निदान झालं. यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवत नाहीत. माणूस बाहेरून दिलेल्या स्टिरॉइडवर जगतो. ही औषधं त्यांचा जीव राखून होती, पण दीर्घकाळ घेतली की हाडं ठिसूळ करतात. १९५४ पर्यंत सिनेटर केनेडी कुबड्यांवर आले होते. ॲडिसनच्या रुग्णाला त्या काळात मोठं ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ, बोस्टनच्या डॉक्टरांचा सल्ला विरोधातच होता. त्यांनी न्यूयॉर्क गाठलं. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी मणके जोडण्यासाठी धातूची पट्टी बसवली गेली. जंतुसंसर्ग झाला, केनेडी बेशुद्धीत गेले, अंतिम संस्कारांसाठी धर्मगुरूंना बोलावलं गेलं. वाचले. पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये तीच पट्टी पुन्हा उघडून काढावी लागली. पडल्या पडल्या त्यांनी 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकाचं काम केलं, त्याला पुढे पुलित्झर मिळालं. १९५७ मध्ये जुन्या जागी झालेला गळू कापावा लागला. एकाच कंबरेवर चार वेळा सुरी चालली. यातल्या १९५४ च्या ऑपरेशनची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात नाव न देता छापूनही आली होती.

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्यावर उपचार करू लागल्या. राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या महिला. स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठींत त्या प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचत. केनेडींचा डावा पाय किंचित आखूड आहे हे त्यांच्या लक्षात आलं, बुटात उंचवटा बसवला. त्यांची प्रसिद्ध झुलती खुर्चीही ट्रॅव्हेलबाईंमुळेच. हे सगळं उपयोगी होतं, आराम पडत होता. पण ओटावानंतर इंजेक्शनं दिवसातून दोन-दोन, तीन-तीन वेळा द्यावी लागू लागली. शिवाय न्यूयॉर्कचे एक डॉक्टर अँफेटामाइन घातलेली इंजेक्शनं देत, ती वेगळीच. जूनच्या सुरुवातीला व्हिएन्नात ख्रुश्चेव्ह यांच्यासमोर बसलेल्या केनेडींच्या कमरेला पट्टा होता आणि अंगात ही औषधं होती.

सुरी झाली, सुई झाली, पट्टा झाला. राहिलं काय होतं? व्हाइट हाउसमधले नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली यांना दिसत होतं की स्नायू वापराविना वाळत चालले आहेत, हे असंच चाललं तर राष्ट्राध्यक्ष चाकाच्या खुर्चीत बसतील. ऑक्टोबर १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आलं.

क्राउस हा एक अवलिया माणूस. १९०५ मध्ये ट्रिएस्ट इथे जन्म, लहानपणी इंग्रजी शिकवायला जेम्स जॉइस. व्हिएन्नात डॉक्टरकी केली, १९३८ मध्ये अमेरिकेत आले. पेशाने डॉक्टर, वेडाने गिर्यारोहक. न्यूयॉर्कजवळच्या शॉनगंक कड्यांवरच्या सुरुवातीच्या वाटा पाडणाऱ्यांपैकी एक. मुरगळलेल्या घोट्याला प्लास्टर न घालता ते थंड फवारा मारून लगेच हलवायला लावत. त्या काळात हा अधर्मच होता. डॉ. सोन्या वेबर यांच्यासोबत त्यांनी धड आणि कंबरेच्या किमान ताकदीच्या सहा सोप्या चाचण्या ठरवल्या: उताणं झोपून उठून बसणं, पाय उचलून दहा सेकंद धरणं, गुडघे न वाकवता बोटं जमिनीला लावणं, अशा. निम्म्याहून जास्त अमेरिकन मुलं किमान एका चाचणीत नापास झाली. युरोपात दहातलं एखादंच मूल नापास होत होतं. हे आकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत गेले आणि १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. गंमत पुढे आहे. केनेडींनी निवडून आल्यावर, डिसेंबर १९६० मध्ये, अमेरिकन माणूस मऊ पडत चालला आहे असा इशारा देणारा लेख एका क्रीडा साप्ताहिकात लिहिला आणि त्या परिषदेला नवा जोर दिला. दहा महिन्यांनी त्याच चाचण्यांचा जनक त्यांच्या कंबरेवर हात ठेवून उभा होता. लेखकमहाशयांना एकही सिट-अप जमेना. पोटाचे स्नायू ढिले, मांडीमागचे तारेसारखे ताठ.

क्राउस यांनी अट घातली: इंजेक्शनं बंद, व्यायाम नेमाने. व्हाइट हाउसच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या छोट्या खोलीत, गाजावाजा न करता, आठवड्यातून तीनदा काम सुरू झालं. शेक, मालीश, कोमट पाण्यात हालचाल आणि मग व्यायाम. तेही कसले? क्राउस यांची पद्धत अशी की आधी स्नायू सैल करायचे. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, खोल श्वास, मान एका बाजूला, मग दुसऱ्या. खांदे उचलून सोडायचे. एक पाय सावकाश घसरवत सरळ करायचा, परत आणायचा. प्रत्येक प्रकार दोन-तीन वेळाच, मध्ये थांबायचं. हे जमलं की पुढची पायरी, आणि शेवटी त्याच पायऱ्या उलट्या क्रमाने उतरून सैल होत थांबायचं. ताकदीचे व्यायाम त्यानंतर, ताणण्याचे जपून. अणुबॉम्बचं बटण हाताशी असलेला माणूस चटईवर पडून टाच घसरवतो आहे, हे चित्र माझ्या रुग्णांना मी आवर्जून सांगतो. कारण याला काय व्यायाम म्हणायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.

इतक्या खालून सुरुवात का करायची, याचं उत्तर क्राउस यांच्यानंतर तीसेक वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमकं दाखवलं. मणक्यांना लगटून मल्टिफिडस नावाचे छोटे स्नायू असतात. कंबर पहिल्यांदा दुखावली की ज्या बाजूला दुखतं त्या बाजूचा हा स्नायू चटकन रोडावतो. दुखणं महिन्याभरात जातं, माणूस कामाला लागतो, पण हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही; त्याला मुद्दाम व्यायाम द्यावा लागतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं धरून जो थेट जुन्या वजनाला हात घालतो, तो सहा महिन्यांत पुन्हा माझ्यासमोर असतो.

उलट्या टोकाची चूक मी स्वतः केली आहे. नव्वदच्या दशकात, शिकाऊ डॉक्टर असताना, ट्रॉलीवरून रुग्ण उचलताना माझी कंबर धरली. वरिष्ठांनी प्रेमाने तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं आणि मी झोपलो. उठलो तेव्हा जिना चढताना पाय थरथरत होते. आजीने एका पायाळू शेजाऱ्याकडून पाठीवर लाथही मारवून घेतली. उसण काही गेली नाही, शेजारी मात्र संकोचला. वास्तविक १९८६ मध्येच एका अमेरिकन अभ्यासाने सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची पुरते हे दाखवलं होतं. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास तर आणखी पुढे गेला. कंबर धरल्यावर काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना लगेच व्यायाम दिले, आणि काहींना जमेल तितकी रोजची कामं करत राहा इतकंच सांगितलं. लवकर बरे झाले ते हे तिसरे. म्हणजे पहिल्या काही दिवसांत ना अंथरूण, ना व्यायामाची घाई. घरात फिरायचं, आंघोळ आपली आपण करायची, अंगणात चक्कर मारायची.

मग आठवडा-दोन आठवड्यांत, ठणका कमी झाला की, क्राउस यांच्या चटईवर यायचं. सपाटीवरचं चालणं दहा मिनिटांपासून वाढवत न्यावं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. ते दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कालच्या पातळीवर आलं, तर मात्रा बरोबर आहे. सकाळी कंबर अधिक अवघडलेली असेल, किंवा दुखणं मांडीतून पोटरीकडे उतरायला लागलं असेल, तर एक पायरी खाली या. बंद करू नका, खाली या. सकाळी उठल्या उठल्या तासभर पुढे वाकायचे प्रकार टाळावेत. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणूनच सूर्यनमस्कार, जे आपल्याकडे पहाटेच आणि जोशात सुरू होतात, ते मी यादीत सगळ्यात शेवटी ठेवतो. चालणं, चटईवरचे प्रकार आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं विनासायास जमलं, की मग सूर्यनमस्कार. तेही दोनच, गुडघे सैल ठेवून. जिममध्ये परतणाऱ्यांनी जुन्या वजनाच्या निम्म्याहूनही खाली सुरुवात करावी. पाय सरळ ठेवून करायचे सिट-अप, जे क्राउस यांच्या चाचण्यांत होते, ते आज आम्ही दुखऱ्या कंबरेला सांगत नाही. काळ त्यांच्याही पुढे गेला आहे.

काही जणांनी मात्र चटई उघडायच्या आधी दवाखाना गाठायचा. लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा गेला आहे, दोन्ही मांड्यांच्या मधली खोगिराची जागा बधिर झाली आहे, पाऊल उचलत नाही आणि चप्पल निसटते: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, उतारवयात पडणं, हेही तपासल्याशिवाय व्यायाम नको. आणि केनेडींसारखे जे वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेत आहेत, त्यांनी हाडांची घनता आधी पाहून घ्यावी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुठूनतरी आणलेल्या पुडीत स्टिरॉइड असतं, हे कित्येकांना माहीतच नसतं.

व्हाइट हाउसमध्ये फरक काही आठवड्यांतच दिसू लागला. १९६२ च्या वसंतापर्यंत केनेडींची कंबर कित्येक वर्षांत नव्हती इतकी बरी होती. पुढे व्यायाम जवळजवळ रोजचे झाले. फेब्रुवारी १९६३ मध्ये ५० मैल चालण्याची लाट अमेरिकाभर आली, तिचा उगम त्यांच्याच कार्यालयात होता. धाकटे बंधू रॉबर्ट बर्फातून ते अंतर चाललेही. राष्ट्राध्यक्ष स्वतः चालले नाहीत, ते शहाणपणाचंच झालं. १९६३ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा गोल्फ खेळू लागले. चार ऑपरेशनांनी जे दिलं नव्हतं ते दीड-दोन वर्षांच्या चटईने दिलं होतं.

त्या ऑगस्टमध्ये त्यांचा जांघेतला स्नायू दुखावला. बरं होत आलेल्या प्रत्येक कंबरेच्या वाटेत अशी एक ठेच असतेच. अशा वेळी माणूस घाबरतो आणि ज्याच्यावर सर्वाधिक काळ विसंबला त्याच्याकडे परत जातो. केनेडी पट्ट्याकडे परत गेले. क्राउस यांना तो पट्टा सुटायला हवा होता. पट्टा वाईट नसतो. पहिल्या दिवसांत, प्रवासात, तो आधार देतो. पण महिनोन् महिने बांधला की स्नायूंचं काम कमी होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पट्ट्याशिवाय आपण मोडू, ही भीती पक्की होते. माझ्याकडे सात-सात वर्षं पट्टा बांधणारे लोक येतात. सोडायला सांगितलं की डोळ्यांत पाणी येतं.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी सकाळी टेक्सासमध्ये केनेडींनी कपड्यांच्या आत कॅनव्हासचा पट्टा घट्ट आवळला आणि त्यावरून लवचीक पट्टी इंग्रजी आठच्या आकारात मांड्यांपर्यंत गुंडाळली. डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना लागलेली पहिली गोळी पाठीच्या वरच्या भागातून शिरून गळ्यातून बाहेर पडली. ती जखम कदाचित प्राणघातक ठरली नसती. एरवी माणूस पुढे किंवा बाजूला कोसळला असता. केनेडी बसलेलेच राहिले, आणि काही सेकंदांत दुसरी गोळी डोक्याला लागली. पट्ट्याने त्यांना ताठ धरून ठेवलं असावं, असं मत काही डॉक्टरांनी मांडलं आहे. २०१७ मध्ये दोन अमेरिकन न्यूरोसर्जननी त्यांच्या पाठीच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हाही हा मुद्दा त्यात होता. ते सिद्ध करता येणार नाही, आणि त्या दिवसाचा दोष पट्ट्याला देणं योग्यही नाही.

डॉ. क्राउस त्यानंतर ३२ वर्षं जगले. कडे चढणं आणि कंबरदुखीच्या रुग्णांना चटईवर झोपवणं, दोन्ही त्यांनी पुष्कळ वर्षं चालू ठेवलं. सत्तरच्या दशकात त्यांच्या व्यायामक्रमावर आधारलेले वर्ग अमेरिकेतल्या वायएमसीएच्या शाखांत सुरू झाले. साध्या नोकरदार बायका-पुरुषांना त्यात सर्वप्रथम उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडायला शिकवत.